मित्राच्या नावाने गावात रेस असते, यंदा मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. खरं बोलू का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, नदीकाठाला, चारी बाजूनी ऊस. माझा एक मित्र होता, पहिलीपासनं दहावीपर्यंत आमचा एकच बेंच, नाव लिहीत नाही कारण गावातली पोरं इथं वाचतात. पाच वर्षांपूर्वी तो गेला. ब्लड कॅन्सर, निदान झाल्यापासनं सातव्या महिन्यात. वय चौतीस. त्याच्या नावानं दरवर्षी डिसेंबरात गावात रेस असते, मोठ्यांना दहा आणि पाच किलोमीटर, बारक्या पोरांना दोन.

रेसच का, तर तो मिरजेला ॲडमिट असताना त्याला सारख्या प्लेटलेट लागायच्या आणि द्यायला कोण जायचं तर गावातली भरतीची पोरं. म्हणजे आर्मी भरतीसाठी पहाटे पाचला रोडला पळतात ना, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटात मारायची म्हणून जीव काढतात, ती पोरं. दोन-दोन मोटरसायकली काढून जायची. त्यातल्या निम्म्यांना तर तो नीट माहीतपण नव्हता, नुसता ‘वरच्या आळीतला दादा’. तो गेल्यावर पोरं म्हणाली आपल्याला पळायला येतं, तर आपण रेस घेऊ. वर्गणी काढून घेतली पहिल्या वर्षी, आता ढाली, टीशर्ट, नाष्टा सगळं असतं, आजूबाजूच्या गावातनं पण लोक येतात.

आता अडचण अशी की फ्लेक्सवर लिहिलेलं असतं ‘आमचे प्रेरणास्थान, क्रीडाप्रेमी’ वगैरे. फोटो त्याच्या लग्नातला आहे, फेटा कापून काढलाय आणि मागं सूर्य उगवताना दाखवलाय. दरवर्षी कोण ना कोण पाहुणा येतो आणि सांगतो की त्याला लहानपणापासनं धावण्याची आवड होती.

अहो त्याला धावायचा इतका कंटाळा होता की काय सांगू! पी.टी.च्या तासाला याच्या पायात कायम काटा गेलेला. शाळा भरायची घंटा झाली तरी हा निवांत चालत यायचा, मला म्हणायचा पळून गेलो तरी उशीर तो उशीरच, मग घाम कशाला काढा. नववीत शाळेनं क्रॉस कंट्री ठेवली, गावाभोवती दोन फेऱ्या, सगळ्यांना कंपल्सरी. पहिल्या फेरीला पाटाच्या वळणावर आम्ही दोघं सरळ उसाच्या फडात घुसलो. निवांत एक-एक कांडं खाल्लं, दुसऱ्या फेरीची पोरं दिसली तसे बाहेर येऊन मिसळलो. पण अंदाज चुकला, जरा लवकरच बाहेर पडलो आणि बघतो तर आम्ही एकदम पुढच्या पोरात. मी घाबरून बुटाची नाडी बांधत बसलो. हा मात्र गेला तसाच, आणि चौथा आला! उत्तेजनार्थ बक्षीस, पत्र्याचा कंपास. स्टेजवर जाऊन नमस्कार करून घेतला, चेहरा असा की बघून वाटावं यानं खरंच मैदान मारलंय. दहावी होईस्तोवर तोच कंपास वापरला.

यंदा पोरांनी मला सांगितलंय की दादा तुम्ही त्यांचे बालमित्र, तुम्हीच दोन शब्द बोला. खरं सांगावं तर समोर त्याची आई बसणार, आणि पोरं बिचारी महिनाभर राबतात, त्यांच्या कार्यक्रमाचा पचका होईल. आणि मीपण ‘धावण्याची आवड’ म्हणालो तर मला स्वतःलाच ते कसंतरी वाटेल. तुम्ही काय केलं असतं?

सकाळी_साडेपाच

भाऊ सगळ्यात आधी एक, काय बोलायचं ते बोला पण तीन मिनिटांत बोला 🙏. मी पुण्यात पळतो, आजूबाजूच्या गावातल्या रेसना पण जातो, आणि गावाकडच्या रेसचा माझा एकच राग आहे तो म्हणजे भाषणं. डिसेंबरातली थंडी, सहाला बोलावतात, पोरं वॉर्मअप करून पातळ टीशर्टवर उभी आणि स्टेजवर सत्कार चालू. शाल, श्रीफळ, परत शाल. पाऊण तासानी झेंडा दाखवतात तोवर पाय लाकडासारखे झालेले असतात, आणि मग पहिल्याच किलोमीटरला कुणाचीतरी पोटरी धरते. शक्य असेल तर तुमचं बोलणं नाष्ट्याच्या वेळी ठेवा, तेव्हा लोक बसून ऐकतात.

बाकी किस्सा एक नंबर आहे. याला आमच्याकडे कोर्स कटिंग म्हणतात आणि तुमचा मित्र काही पहिला नाही. 1980 ची बोस्टन मॅरेथॉन, रोझी रुइझ नावाची बाई बायकांत पहिली आली, 2 तास 31 मिनिटं, गळ्यात मेडल, डोक्यावर पानांचा मुकुट. नंतर कळलं की ती शेवटच्या थोड्या अंतरात गर्दीतनं रस्त्यावर आली होती. खरी जिंकलेली बाई कॅनडाची होती, जॅकलिन गॅरो, तिला आठवड्यानी परत बोलावून मेडल दिलं. तर विचार एवढाच करा की तुमच्या गॅरोचं काय झालं? चौथा आलेला हा नाही तर मग खरा चौथा कोण होता?

निवृत्त_मास्तर

मी 31 वर्षे शाळेत पी.टी. शिकवले. उसात कोण जाते ते आम्हाला कळत नाही असे तुम्हाला वाटते का? शर्टाला पाचटाची कूस, ओठ चिकट, आणि दोन फेऱ्या मारून आलेल्या मुलाला धाप नाही. सगळे दिसते. पण बक्षीस समारंभाला सरपंच येऊन बसलेले असतात, यादी लिहून झालेली असते, मग मास्तर गप्प बसतो. तुमच्या सरांनीही तेच केले असणार.

गेलेल्या माणसाचे असे चारचौघात काढू नये हे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला गंमत वाटते, त्याच्या आईला वाटेलच असे नाही. सांगायचेच असेल तर आधी त्या माउलीला विचारा. त्या हो म्हणाल्या तर माझी काही हरकत नाही, आणि नाही म्हणाल्या तर इथे शंभर जणांनी हो म्हटले तरी सांगू नका.

ब्रॅम्प्टनची_मावशी

मला मास्तरांचं आईला विचारायचं पटलं पण ‘काढू नये’ हे नाही पटलं, आणि का ते सांगते, थोडं मोठं होईल.

मी कॅनडात बारा वर्षं आहे. पहिल्या वर्षी सप्टेंबरात मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, टेरी फॉक्स रन आहे, जमलं तर दोन डॉलरचं नाणं द्या. त्या नाण्याला इथे टूनी म्हणतात, आणि त्या वर्गणीलाच नाव आहे टूनीज फॉर टेरी. मी आपली साताऱ्याची, मला काय माहीत टेरी कोण. मला वाटलं स्पर्धा आहे, सकाळी तिला ग्लुकोज पाजलं, बूट घट्ट बांधले, म्हटलं पहिली ये हं. संध्याकाळी विचारलं कितवी आलीस तर म्हणते आई, तिथे नंबरच नसतात. खरंच नसतात. वेळ लावत नाहीत, विजेता नाही, ढाल नाही. कुणी पळतं, कुणी चालतं, कुणी व्हीलचेअरवर, कुणी कुत्र्याला घेऊन. छातीवर एक स्टिकर लावतात, त्यावर छापलेलं असतं ‘मी अमुक अमुकसाठी धावतोय’ आणि पुढे जागा मोकळी. माझ्या लेकीनं त्यात वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात ‘आजोबा’ लिहिलं होतं. माझे सासरे घशाच्या कॅन्सरनी गेले. तो स्टिकर अजून फ्रिजवर आहे.

तर हा टेरी फॉक्स. 1958 चा जन्म, वाढला पोर्ट कोक्विटलमला, ते पश्चिमेकडे व्हँकुव्हरजवळ आहे. आठवीत होता तेव्हा बुटका, आणि बास्केटबॉलचं भयंकर वेड पण खेळ यथातथाच. त्याच्या पी.टी.च्या सरांनी सांगितलं की बाबा तू क्रॉस कंट्री पळ, ते तुला जमेल. त्याला लांब पळायची अजिबात आवड नव्हती! सरांचं मन मोडू नये म्हणून तो पळायला लागला. आज सगळ्या कॅनडात धावणं म्हटलं की ज्याचं नाव घेतात त्याची सुरुवात ही अशी. तेव्हा तुमचा मित्र उसात बसला त्यात फार बिघडलं नाही.

त्याच शाळेत त्याला डग अल्वर्ड भेटला. शांत, लाजाळू मुलगा, पळण्यात याच्यापेक्षा भारी. दोघांची दोस्ती जमली आणि बारावीत त्या वर्षीचा शाळेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दोघांना मिळून बक्षीस मिळालं.

1977 च्या मार्चमध्ये टेरीच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं हाडाचा कॅन्सर निघालं. आधी त्याला वाटत होतं की थोडे महिने आधी गाडीचा अपघात झाला होता त्याचंच दुखतंय. पाय गुडघ्याच्या वर पंधरा सेंटीमीटरवर कापला. मग सोळा महिने केमो, आणि त्या वॉर्डात आजूबाजूची लहान लहान मुलं बघून त्यानं ठरवलं की कृत्रिम पायावर सगळा कॅनडा पूर्व-पश्चिम पळायचा आणि कॅन्सरच्या संशोधनाला पैसे जमवायचे. आधी सरावाला प्रिन्स जॉर्जला एक रेस पळला, त्यात सगळ्यांत शेवटी आला. तुमचा चौथा तरी आला!

12 एप्रिल 1980, कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात तो पाय बुडवून निघाला. (साडेपाच, तुमची ती बोस्टनची बाई त्याच महिन्यातली. एकीकडे ती गर्दीतनं घुसतेय आणि एकीकडे हा पोरगा रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पळतोय.) त्याचे जुने व्हिडिओ बघा, चांगल्या पायावर दोनदा उडी आणि मग कृत्रिम पाय, टक-टक-ठप्प, टक-टक-ठप्प. आणि व्हॅन चालवायला कोण तर डग. मैलभर पुढे जाऊन गाडी लावायची, पाणी घेऊन थांबायचं, टेरी आला की पाणी द्यायचं, परत मैलभर पुढे. स्वयंपाकही त्यानंच करायचा. असे दिवसाला सव्वीस मैल.

आता जे मला सांगायचंय ते. ही दोघं भांडली. चांगलीच भांडली. गार वारा, बर्फ, एवढीशी व्हॅन, टेरी दमून चिडचिडा झालेला, आणि नोव्हा स्कोशियात पोचेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं होतं. घरच्यांना मध्ये पडावं लागलं, शेवटी टेरीचा धाकटा भाऊ डॅरेल, सतरा वर्षांचा, दोघांच्या मध्ये बसायला म्हणून येऊन सामील झाला. आणि तरी डगनं व्हॅन सोडली नाही. 1 सप्टेंबरला थंडर बेजवळ टेरीला खोकला आणि छातीत दुखायला लागलं, रस्त्यावर लोक उभे होते तोवर तो पळत राहिला, लोक संपले तसा व्हॅनमध्ये चढला आणि डगला म्हणाला मला हॉस्पिटलमध्ये ने. कॅन्सर फुफ्फुसात गेला होता. 143 दिवस, 5,373 किलोमीटर. पुढच्या जूनमध्ये गेला, तेविसावा वाढदिवस एक महिन्यावर होता.

तीन महिन्यांत, 13 सप्टेंबर 1981 ला, पहिली टेरी फॉक्स रन झाली, तीन लाख लोक आले आणि पस्तीस लाख डॉलर जमले. आता ती कितीतरी देशांत होते, आपल्या मुंबईतसुद्धा झालीय. 2005 मध्ये एक डॉलरच्या नाण्यावर तो आला. थंडर बेला त्याचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे जिकडे जायचं राहिलं तिकडे. आम्ही एकदा मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो. सुंदर आहे पुतळा. पण माझ्या मुलीला त्या पुतळ्यासमोर उभी करून मी जे सांगितलं त्यातलं तिला आठवतं काय, तर दोन मित्र एका गाडीत बोलत नव्हते ते. गाडीत बसल्यावर मला विचारते, मग तो पाणी कसं द्यायचा, हातात की खाली ठेवून?

पुतळा ब्राँझवाले करतात हो, फ्लेक्स फोटोशॉपवाले करतात. उसातलं कांडं फक्त तुम्हाला माहीत आहे. तेच सांगा.

कृष्णाकाठचा

मावशी, तुमचं वाचून दुकान बंद करून बसलोय. ते पाण्याचं वाचलं आणि आत काहीतरी हाललं, म्हणून जे लिहिणार नव्हतो ते लिहितो.

तो आजारी पडला तेव्हा आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. कारण ऐकाल तर हसाल. माझी गाडी घेऊन तो जोतिबाला गेला, आणली ती हँडल वाकडं करून. मी विचारलं तर म्हणतो आधीपासनंच होतं. शब्दानं शब्द वाढला आणि मी चौकात सगळ्यांसमोर त्याच्या वडिलांच्या सोसायटीच्या कर्जाचं काढलं, जे काढायला नको होतं. तिथं संपलं. मी पुढं चाकणला कामाला गेलो, गावात आलो तरी तो दिसला की मी रस्ता बदलायचो आणि तोपण.

निदान झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. मिरजेला जायला मला तीन महिने लागले, आज जातो उद्या जातो करत. गेलो तेव्हा डोक्याला केस नव्हते, तोंडाला मास्क. मी दारात उभा, काय बोलावं सुचेना. त्यानं बघितलं आणि म्हणाला, हँडल सरळ केलंस का?

एवढंच. मग मी बाहेर जाऊन चहा आणला.

त्यामुळं ते ‘बालमित्र’ म्हणून स्टेजवर जायचं म्हटलं की मला दोन्ही गोष्टी खोट्या वाटतात, त्याची आवड पण आणि माझी मैत्री पण.

ब्रॅम्प्टनची_मावशी

हँडलवरून बोलला म्हणजे मिटलं की रे. ज्याला मिटवायचं नसतं तो तब्येतीच्या गप्पा मारतो.

मिरजेची_लॅबवाली

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे (कुठल्या ते नका विचारू). भाषणाचं मला कळत नाही पण त्या पोरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लोकांना वाटतं रक्त दिलं की झालं. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्याही फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, वीस ते चोवीस डिग्रीला सारख्या हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणून ब्लड कॅन्सरच्या पेशंटला एकदाच दहा माणसं येऊन उपयोग नसतो, आज दोन, परवा एक, पुढच्या आठवड्यात परत दोन अशी माणसं लागतात. मशीनवर द्यायला तास-दीड तास जातो, एका हाताला सुई, हलायचं नाही. भरतीची पोरं आली की आम्हाला बरं वाटतं, शिरा चांगल्या असतात आणि कुरकुर करत नाहीत. फक्त एक प्रश्न हमखास विचारतात, उद्या पळता येईल का. आम्ही सांगतो उद्या नको, परवा हळू पळ.

एक विनंती आहे. रेसच्या दिवशी फिनिशला रक्तदान शिबीर ठेवू नका, बरेच जण हौसेनं ठेवतात. दहा किलोमीटर पळून घाम गळालेल्या पोराला लगेच झोपवून रक्त काढलं तर चक्कर येऊन पडतो, मग सगळा गोंधळ. शिबीर वेगळ्या दिवशी घ्या. रेसच्या दिवशी नुसती वही ठेवा, नाव, रक्तगट, मोबाईल नंबर, आणि प्लेटलेट द्यायला तयार आहे की नाही. वजन पन्नास किलोच्या वर आणि वय अठरा पूर्ण पाहिजे. आमच्याकडे रात्री अकराला नातेवाईक रडत येतो तेव्हा अशी एक वही लाखमोलाची असते.

आणि भाषणात प्लीज त्या पोरांनी मोटरसायकली काढल्या तेवढं तरी सांगा, फ्लेक्सवर त्यांचं कुठं काही नसतं.

सकाळी_साडेपाच

ताईंशी सहमत, फिनिशला शिबीर म्हणजे संकट. मी स्वतः असा आडवा झालोय 😅

कृष्णाकाठचा भाऊ, आईला विचारलंत का?

कृष्णाकाठचा

विचारलं. घरीच गेलो होतो. मास्तर, तुमचं ऐकलं हे बरं झालं.

काकूंना सगळं सांगितलं, फड, कांडं, चौथा नंबर. त्या ज्वारी निवडत होत्या, मान वर केली नाही. मग म्हणाल्या, सांग की, उसात बसल्याचं सांग, त्यात काय. पण कंपासाचं नको सांगू. त्याचे वडील तो कंपास घेऊन दूध डेअरीपासनं पारापर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले होते, माझा पोरगा पळण्यात नंबरात आला म्हणून.

वडील पण आता नाहीत. मी म्हटलं नाही सांगत.

कृष्णाकाठचा

रविवारी रेस झाली, तुम्ही सगळे विचारताय म्हणून लिहितो, मोबाईलवर लिहितोय, लांबलं तर वाचा सावकाश.

भाषणं यंदा नाष्ट्याला ठेवली, साडेपाच भाऊंचं म्हणणं पोरांना पटलं. पाहुणे जरा नाराज झाले पण साडेसहाला झेंडा पडला. सातशे मीटरवर पाटाचं वळण लागतं तिथं मी व्हॉलंटिअर म्हणून उभा होतो, मुद्दामच मागून घेतली ती जागा. दोन किलोमीटरची बारकी पोरं आली आणि त्यातली तीन अगदी उसाकडं बघत बघत चाललेली. मी शिट्टी वाजवली. ऊस पण काय उभा होता हो, तुरे आलेले.

मग उप्पीट चालू असताना मला बोलवलं. म्हटलं की याला पळायचा कंटाळा होता, आणि सगळं मैदान गप्प. पाहुण्यांनी थोड्या वेळापूर्वीच ‘धावण्याची आवड’ म्हणून झालेलं होतं. मग उसाचं सांगितलं, पोरं हसायला लागली, काकूंकडं बघितलं तर त्या पदर तोंडाला लावून बसलेल्या, हसतायत की काय ते कळेना. मोटरसायकलीचं सांगितलं. लॅबवाल्या ताई, त्यातली चार पोरं आज फौजेत आहेत, एक सुट्टीवर आलेला, त्याला उभं केलं, तो लाजून लगेच बसला. वहीत त्र्याण्णव नावं आली. हँडलचं पण सांगितलं, ते मात्र नीट सांगता आलं नाही, मध्येच माईक खाली ठेवला. कंपासाचं बोललो नाही. नंबराचंच बोललो नाही, नुसतं म्हटलं परत येऊन मिसळलो.

खाली उतरलो तर एक गृहस्थ जवळ आले, शेजारच्या गावचे, आमच्याच शाळेत होते, आता साखर कारखान्यात आहेत, पोरगीला पळवायला घेऊन आलेले. मला बाजूला घेऊन म्हणतात, नववीचीच ना रे ती क्रॉस कंट्री? मी म्हटलं हो. ते म्हणाले, तो चौथा आला होता त्या वर्षी. मी पाचवा.

साडेपाच भाऊ, आमची गॅरो सापडली.

मला वाटलं आता हे चिडणार. ते एवढंच म्हणाले, अजून आठवतंय, मी घरी जाऊन रडलो होतो, कंपास नव्हता माझ्याकडं. आणि हे सगळं काकू मागं उभ्या राहून ऐकत होत्या हे आम्हाला दोघांनाबी माहीत नाही.

काकू काही न बोलता घराकडं गेल्या. घर तिथनं जवळच आहे. आम्हाला वाटलं झालं, दुखावल्या. दहा मिनिटांनी आल्या त्या हातात कंपास घेऊन. रंग सगळा उडालेला, कडेला गंज, झाकणावर त्यानं कर्कटकानं कोरलेलं आपलं नाव. त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी उघडून बघितला, आत सुईदोरा, शर्टाची दोन बटणं आणि एक सेफ्टी पिन. त्यांनी बटणं बोटानी जरा इकडची तिकडं केली, झाकण लावलं. काकूंनी हात पुढं केला आणि कंपास परत घेतला.

म्हणाल्या, बघायला दिला होता. उप्पीट खाल्लं का?